चिलटांचा सापळा, दोन पावसाळे टांगून झाल्यावर

आधी कोण लिहितंय ते सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, चौतीस वर्षं. गावात आम्हाला डॉक्टरच म्हणतात, आणि खरे डॉक्टर समोर असले की आम्ही गप्प बसतो. निवृत्तीनंतर पेन्शन आणि गुडघेदुखी एवढ्यावर दिवस जाईनात, तेव्हा एका संशोधन प्रकल्पात हाताखालचा माणूस म्हणून लागलो. काम एवढंच, की राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाच्या कडेनं, धनगरवाड्यांच्या आसपास, रात्री सापळे टांगायचे आणि सकाळी त्यातली चिलटं गोळा करून म्याडमच्या हवाली करायची. म्याडम म्हणजे प्रकल्पातल्या संशोधक. वयानं माझ्या धाकट्या मुलीएवढ्या, पण चिलटाच्या पंखावरचे ठिपके बघून जात सांगतात, त्यामुळे म्याडमच.

सापळ्याबद्दल लिहायचं कारण असं, की असा सापळा घ्यावा का म्हणून गेल्या वर्षभरात चार जणांनी मला फोन केले. दोन पशुवैद्यकीय महाविद्यालयाची पोरं, एक वनखात्यातला ओळखीचा, आणि एक जण ज्याला खरं तर घरातले डास मारायचे होते. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

वस्तू दिसायला साधी आहे. वीतभर रुंदीचं प्लास्टिकचं नळकांडं. वर पावसापासून आडोसा म्हणून ताटलीसारखं झाकण, त्याच्या खाली जांभळ्या दिव्यांचं कडं, दिव्यांखाली संगणकात असतो तसला छोटा पंखा, आणि सगळ्यात खाली नरसाळं आणि बाटली. दिव्याकडे किडा येतो, पंखा त्याला खाली ओढतो, किडा बाटलीत पडतो. ही मूळ बनावट अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या लोकांनी १९६२ मध्ये डासांच्या पाहणीसाठी काढली. आज जगभर जे विकलं जातं त्याचा सांगाडा बहुतेक तोच आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ओंडरस्टेपूर्टच्या पशुवैद्यक संस्थेचा सापळा याहून मोठा आणि जास्त ओढीचा, पण तो घरच्या विजेवर चालतो. पावसाळ्यात आमच्या धनगरवाड्यावर वीज कधी असेल ते महावितरणलाही सांगता यायचं नाही, म्हणून सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा घेतला. किंमत साडेआठ हजार, जीएसटी वेगळा, बॅटरी वेगळी. प्रकल्पाकडे आधीचा एक परदेशी सापळाही होता, पांढऱ्या बल्बचा. दोन्ही शेजारी शेजारी वापरल्यामुळे तुलना करता येते.

आता जंगलाच्या कडेला चिलटं कशाला धरायची? मलाही पहिले दोन आठवडे हा प्रश्न होताच. आमच्या भागात गवा आहे. दाजीपूरचं अभयारण्य त्याच्याच नावानं ओळखलं जातं. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत तो 'असुरक्षित' वर्गात आहे आणि आपल्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत. म्हणजे त्याला हात लावायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी हवी, भूल द्यायला तयार पथक हवं, आणि भूल दिलेलं टनभर वजनाचं जनावर उताराला पडलं तर निस्तरायची छाती हवी. गाईच्या गळ्याची शीर दाबून मी डोळे मिटून रक्त काढीन. गव्याचं कोण काढणार? म्याडम म्हणाल्या, "काका, ते काम चिलट करतं. रात्री ते गव्याला चावतं. आपण फक्त चिलट धरायचं."

इथे सगळं कोडं सुटलं. पोट भरलेली चिलटी सापडली तर तिच्या पोटातल्या रक्ताची जनुकीय तपासणी करून ती कुणाला चावली होती ते कळतं. गाय आणि गवा जवळचे भाऊबंद असल्यामुळे साध्या चाचणीत गल्लत होते, जनुकाची पूर्ण अक्षरमाळ वाचावी लागते, पण कळतं. त्याच चिलटांच्या गटात विषाणू आहे का तेही बघता येतं. म्हणजे साडेआठ हजारांचं हे नळकांडं गव्याच्या रक्तापर्यंत जाण्याची मागची वाट आहे. या नजरेनं बघितलं तर ते स्वस्त आहे.

ज्यांना रोगांची माहिती आहे त्यांनी पुढचा थोडा भाग सोडून द्यावा. चिलटांमुळे पसरणाऱ्यांत आपल्याकडचा सगळ्यात ओळखीचा म्हणजे तिवा. जनावराला सणकून ताप, एका पायानं लंगडणं, चारा बंद, आणि तीन दिवसांत बहुतेक जनावर उठून उभं. शेतकरी तिव्याला फारसा घाबरत नाही, दूध आटलं की मात्र शिव्या देतो. दुसरा निळ्या जिभेचा रोग. मेंढ्यांना जबर, गाईम्हशींत बहुधा लक्षण दिसतच नाही, पण विषाणू त्यांच्या रक्तात बरेच दिवस फिरत राहतो. भारतात हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला तो १९६४ मध्ये, आणि तोही महाराष्ट्रातच. त्यामुळे 'नवा रोग' असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. नवं काय असतं, तर विषाणूचा नवा प्रकार, नवी हद्द, किंवा नवं जनावर.

नवं जनावर म्हणजे काय हे आमच्या पिढीनं बुळकांडीत, म्हणजे गुरांच्या त्या जीवघेण्या साथीत, ऐकलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी बुळकांडीच्या लसी टोचत फिरलो. वरिष्ठ सांगायचे, की १९६८ मध्ये तिकडे दक्षिणेत मुदुमलाई-बांदीपूरच्या जंगलात गुरांची बुळकांडी गव्यांत शिरली आणि कळपच्या कळप साफ झाले. बुळकांडी माशी-चिलटांची नव्हे, श्वासाची आणि लाळेची. पण गोठ्यातलं दुखणं जंगलात जातं, ही गोष्ट तेव्हाच डोक्यात बसली. देशातली शेवटची बुळकांडी १९९५ ची, आणि २०११ मध्ये ती जगातूनच गेली म्हणून जाहीर झालं. माझ्या नोकरीत डोळ्यांदेखत संपलेला तो एकच रोग.

असो. सापळ्याकडे येतो.

दिव्याला माझ्याकडून पाचपैकी पाच. जुन्या पांढऱ्या बल्बच्या सापळ्यात रात्रीला पन्नास-साठ चिलटं पडली तर आम्ही खूश व्हायचो. त्याच गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला जांभळा दिवा टांगला, तर पाऊस उघडल्यावरच्या दिवसांत दोनशे-अडीचशेच्या खाली क्वचित आलो. डासांना दिवा कोणताही चालतो असं दिसतं. चिलटांना मात्र हा अतिनील उजेड भलताच आवडतो. फक्त त्या दिव्याकडे टक लावून बघू नये, आणि वाड्यावरच्या पोरांना तर मुळीच बघू देऊ नये. त्यांना तो लग्नातल्या लायटिंगसारखा वाटतो. मी दिव्याच्या बाजूला जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा लावला होता, पण मग चिलटं अर्ध्यावर आली. शेवटी पुठ्ठा काढला आणि पोरांना दम दिला.

पंख्याला साडेतीन. ओढ चांगली आहे, आवाज कमी. जनावरं बिचकत नाहीत, हा मोठा गुण. जुना सापळा म्हातारा खोकल्यासारखा आवाज करायचा. पण पात्यांवर जाळी दिलेली नाही, आणि इथे कारखानदारानं आपल्या मुलखाचा विचारच केलेला नाही. पहिला वळीव पडला आणि हुमणीचे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे निघाले. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना पुढचं सांगायला नको. करवंदाएवढे भुंगेरे दिव्यावर धडाधड आपटायला लागले, दोन आत शिरले, एक पात्यात अडकला, आणि सकाळी बघतो तर पंखा बंद, मोटर गरम, बाटलीत सात चिलटं. दिव्यावर जाळणं सोडून बाकी सगळे हाल त्या भुंगेऱ्यानं त्या यंत्राचे केले. त्यानंतर मी तोंडाभोवती जाळीचं कापड शिवून घेतलं. मच्छरदाणीचं नको, ते फार बारीक. जरा मोठ्या भोकांचं, ज्यातून चिलट जाईल आणि भुंगेरा अडेल असं. गावातल्या शिंप्यानं वीस रुपये घेतले. हे कापड साडेआठ हजारांत का बसू नये, हे मला कळलेलं नाही. ओंडरस्टेपूर्टच्या सापळ्याला असा पडदा पहिल्यापासून असतो.

गमतीची गोष्ट, आमच्या लोकांना प्रकाश सापळा हा शब्द हुमणीमुळेच माहीत आहे. पहिल्या रात्री वाड्यावरचे मामा येऊन बघून गेले.

"डॉक्टर, हुमनीचा सापळा न्हवं का ह्यो?"

"हुमणी हितं कुठली मामा? हितं ऊस कुठाय?"

"मग काय धरताय?"

"चिलटं."

मामा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आनि ह्याचा पगार देत्यात?"

बॅटरीला एक गुण, तोही नाइलाजानं. विकणाऱ्यानं सोबत जी दिली ती सहा व्होल्ट साडेचार अँपिअर-तासांची, इमर्जन्सी लाइटमध्ये असते तसली. पहाटे तीनला ती मान टाकते. चिलटांची वर्दळ दोनदा असते, दिवेलागणीला आणि उजाडता उजाडता. म्हणजे ऐन वेळेला यंत्र झोपलेलं. मी चार दिवस समजत होतो की पहाटेला चिलटंच नसतात. मग एका पहाटे उठून बघितलं तर दिवा बंद आणि म्हशीच्या पोटाखाली चिलटांचा थवा. बारा अँपिअर-तासांची बॅटरी घ्या, किलोभर वजन वाढेल पण रात्र निभावेल. आणि दुचाकीची बारा व्होल्टची लावू नका. हे मी का सांगतोय? आमच्या बरोबरच्या एका पोरानं लावली होती. मोटर जळाली, आणि वास दोन दिवस माझ्या पिशवीला होता.

तारांबद्दल एक. जुन्या बल्बवाल्या सापळ्यात लाल-काळी तार उलटी लागली तरी बल्ब पेटतो. पण पंखा उलटा फिरतो आणि चिलटांना वरच्या वर फुंकून लावतो. आम्ही सलग तीन रात्री असा सापळा चालवला आणि वहीत 'चिलटे: ०' असं इमानदारीनं लिहिलं. म्याडमनी वही बघितली, माझ्याकडे बघितलं, खिशातून कागदाचा कपटा काढून पंख्याखाली धरला. कपटा खाली फडफडायच्या ऐवजी वर जाऊन चिकटला. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. नव्या सापळ्यात तार उलटी लागली तर दिवाच पेटत नाही, त्यामुळे ही चूक होत नाही. याला अर्धा गुण जास्त.

झाकण गळतं. दाजीपूरचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. ताटली नळकांड्यापेक्षा चारच बोटं रुंद आहे. आषाढात मी वर प्लास्टिकची घमेली उलटी बांधली, तेव्हा कुठे सुकं राहिलं. तसं बघितलं तर धो धो पावसाच्या रात्री सापळा लावूच नये, चिलट उडत नाही. वारा असला तरी उडत नाही. आणि पौर्णिमेच्या मागेपुढे दोन-तीन रात्री सोडाव्यात, चांदण्यात दिव्याची किंमत उतरते. अमावास्येच्या बाजूला पाऊस उघडलेला, हवा पडलेली, अंगाला चिकचिक होणारी रात्र मिळाली की समजा लागली लॉटरी. यातलं एक अक्षर सोबतच्या माहितीपत्रकात नाही. त्यात आहे काय, तर 'यंत्र पाण्यात बुडवू नये'.

बाटलीत काय भरायचं? अल्कोहोल भरून बघितलं. पंख्याच्या वाऱ्यानं सकाळपर्यंत अर्धं उडून जातं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की चिलट तरंगत नाही, बुडतं. पण मग सकाळी सहाच्या आत बाटली उतरवून मलमलच्या फडक्यातून गाळून, सत्तर टक्के अल्कोहोलच्या कुपीत भरावं लागतं. आळस केला तर आतलं सगळं कुजतं, आणि मग विषाणू शोधणार कशात? चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून कुपीच्या आत टाकायची. बॉलपेनची शाई अल्कोहोलात विरघळते. माझ्या पहिल्या अकरा कुप्या आज निळ्या पाण्याच्या आहेत आणि कुठल्या गोठ्यातल्या ते देवाला ठाऊक.

खरी अडचण यंत्रात नव्हती. मामांच्या गोठ्यात दिवस मावळला की शेणी आणि ओला कडुलिंब पेटवून धुरी करतात. ती काय हौसेनं करत नाहीत, म्हशी रात्रभर पाय आपटत राहिल्या तर सकाळी दूध येत नाही. मी सापळा टांगला बरोबर त्या धुराच्या वाटेत. आठवडाभर हाती काही लागेना. मामांना म्हणालो, चार दिवस धुरी बंद ठेवता का. त्यांनी विचारलं, "तुमी धरताय, आमी हाकलतोय. दोगंबी येकाच गोठ्यात कसं जमायचं?" बरोबर होतं त्यांचं. माझ्या वहीसाठी त्यांच्या म्हशींनी का चावून घ्यायचं? सापळा उचलून वाऱ्याच्या वरच्या अंगाला, ओढ्याकडच्या जांभळीला टांगला, जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर. तीच जागा सगळ्यात चांगली निघाली. ओढ्याकाठची शेणमिश्रित ओली माती चिलटांच्या अळ्यांना आवडते, आणि त्याच वाटेनं गवे रात्री पाण्यावर उतरतात. सकाळी बाटली काढायला गेलं की चिखलात ताजे खूर उमटलेले. एकदा तर शेणाची वाफ निघत होती. मी परत वाड्यावर जाऊन चहा घेतला आणि ऊन वर आल्यावर बाटली काढली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे विकणाऱ्यानं सांगायला पाहिजे होतं. त्याच्या जाहिरातीत 'लम्पीसाठी उपयुक्त' असं छापलेलं आहे. ते धड खरं नाही. लम्पी आपल्या देशात पहिल्यांदा ओडिशात २०१९ मध्ये दिसला, आणि महाराष्ट्रातली २०२२ ची मोठी साथ ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातून सुरू झाली. पुढचं साऱ्यांनी बघितलंय. बाजार बंद, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना, अंगावर गाठी उठलेली खोंडं. मी तेव्हा नोकरीच्या शेवटाला होतो, आणि लस टोचून टोचून अंगठ्याला घट्टा पडला होता. पण लम्पीचा विषाणू मुख्यतः नेतात त्या चावऱ्या माश्या, डास, गोचीड. एका जनावराला चावून, तसंच तोंड घेऊन दुसऱ्याला. गोठ्यातली चावरी माशी दिवसा उडते. ती रात्रीच्या दिव्याला येईल कशाला? तिच्यासाठी निळ्या-काळ्या कापडाचा तंबूसारखा सापळा असतो. ऊन, निळं कापड आणि वरची जाळी एवढंच त्याचं भांडवल, त्याला ना बॅटरी ना पंखा. शिंप्याकडून शिवून घेता येतो. थोडक्यात, तिवा आणि निळी जीभ हुडकायची असेल तर दिव्याचा सापळा, लम्पीची माशी हुडकायची असेल तर कापडाचा. दोन्ही एकाच पैशात मिळणार नाहीत.

आणि लम्पी जंगलात जातो का, या प्रश्नावर आमच्याकडे अजूनही लोक 'गाईचा रोग आहे हो' म्हणून मोकळे होतात. थायलंडमध्ये कुई बुरी राष्ट्रीय उद्यानात २०२१ ला तो गव्यात सापडला. आपल्याच राजस्थानात मोकळ्या चिंकाऱ्यांत सापडला. आमच्या भागात कुणी गव्याच्या अंगावर गाठ दिसली म्हणून मोबाइलवर फोटो पाठवतो, आणि दहातल्या नऊ वेळा ते गोचिडाचं नाहीतर शिंगाच्या मारामारीचं असतं. दहाव्या वेळी काय, हे फोटोवरून कुणीच सांगू नये. मी तरी सांगत नाही.

सापळ्यातला माल निवडणं हे सापळ्याच्या परीक्षणात बसत नाही, पण ते सांगितलं नाही तर विकत घेणारा फसेल. बाटलीत येतं ते सगळं चिलट नसतं. पतंग, तुडतुडे, मुंग्यांचे पंख, मधूनच एखादं केविलवाणं भिरभिरं. त्यातून दोन-तीन मिलिमीटरच्या आतलं, पंखावर ठिपके असलेलं उचलायचं. मग पोटाचा रंग. रिकामं पोट फिकं. एकदा रक्त पिऊन अंडी घातलेल्या मादीचं पोट करवंद चिरडल्यावर बोटाला राहतो तसल्या रंगाचं. म्याडमना त्या हव्या असतात, कारण त्यांनी एकदा तरी कुणाला तरी चावलेलं असतं, आणि विषाणू असला तर त्यांच्यातच असण्याचा संभव. ताज्या रक्तानं टम्म फुगलेल्या फार थोड्या. पोट भरलेली मादी दिव्याकडे कशाला येईल, ती पानाखाली पचवत बसते. अडीचशे चिलटांत पाच-सहा मिळाल्या तरी म्याडमचा चेहरा उजळतो. म्हणजे गव्याच्या रक्ताची वाट आहे खरी, पण पायवाट आहे, हमरस्ता नाही. हा दोष या कंपनीचा नाही, दिव्याच्या प्रत्येक सापळ्याचा आहे.

म्याडमनी एकदा पोलंडचं सांगितलं. तिथे ब्याउओव्येझाच्या जंगलात युरोपी गवा आहे, म्हणजे आपल्या गव्याचा लांबचा भाऊ. शंभरएक वर्षांपूर्वी तो रानातून पार संपला होता. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्यांपैकी बारा जनावरांपासून आजचे सगळे वाढवलेत. म्हणजे सगळे एकमेकांचे चुलत-मावस. अशा कुळात एखादं दुखणं शिरलं तर काय होईल, म्हणून तिथे भूल दिलेल्या किंवा नियमानं मारलेल्या जनावरांचं रक्त तपासतात. निळ्या जिभेसाठीही, आणि २०११ मध्ये जर्मनीत श्मालेनबर्ग गावाच्या नावानं जो नवा विषाणू सापडला त्यासाठीही. तोही चिलटांचाच, गाभण जनावराला झाला की वेडीवाकडी वासरं जन्मतात. मी विचारलं, आपल्याकडे मेलेल्या गव्याचं रक्त मिळत नाही का? म्याडम म्हणाल्या, मिळतं काका, पण बातमी आपल्यापर्यंत येईस्तोवर तिसरा दिवस असतो. तिसऱ्या दिवशीचा गवा मी बघितलाय. त्यापेक्षा चिलट बरं.

विक्रीनंतरची सेवा. भुंगेऱ्यानं बिघडलेली मोटर वॉरंटीत बदलून द्या म्हणून फोन केला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, बिघाड कशानं झाला. मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "सर, कीटकांमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही." कीटक धरायच्या यंत्राला! मी दोनदा विचारलं, तिनं दोनदा तेच सांगितलं. शेवटी कोल्हापुरात एका मिक्सर दुरुस्तीवाल्यानं साडेतीनशे रुपयांत मोटर बसवून दिली, आणि ती मूळच्यापेक्षा बरी चालते. दुसरा घोळ बिलाचा. बिलावर 'डास मारण्याचे यंत्र' असं आलं. प्रकल्पाच्या लेखापालांनी विचारलं, संशोधनाच्या निधीतून डास कसले मारताय? बिल बदलून यायला दोन महिने गेले. घेताना बिलावर 'कीटक सर्वेक्षणासाठी प्रकाश सापळा' असंच लिहून मागा, आधीच.

सगळं धरून पाचपैकी साडेतीन. दिव्यासाठी आणि शांत पंख्यासाठी वर, बॅटरी, झाकण आणि जाहिरातीतल्या लम्पीसाठी खाली. घरातले डास घालवायला घेणाऱ्यानं घेऊ नये, ओसरीवर टांगलात तर शेजारचीही बोलावून आणाल. महाविद्यालयाच्या पोरांनी घ्यावा, पण पहिल्या दिवसापासूनच मूळ बॅटरी बाजूला ठेवावी. वनखात्यातल्या मित्राला मी एकच म्हणालो, की सापळा एक घ्या पण ठिकाणं चार ठरवा, आणि त्यातलं एक तरी गोठ्याच्या नव्हे, गव्याच्या वाटेवरचं असू दे.

मी स्वतः आता दुसरा मागवतोय. बॅटरी नको म्हणून सांगितलंय, तेवढे पैसे कमी करायला ते तयार नाहीत. सर्वपित्री अमावास्येच्या आत पोचला तर ओढ्याकाठच्या जांभळीला एक आणि वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एक असे दोन्ही एकाच रात्री लावता येतील. जाळीचं कापड शिंप्याकडे टाकून ठेवलंय. मामांना कळवलंय, ते म्हणाले, दोन लावा नाहीतर चार लावा, धुरीच्या वाटंला येऊ नका म्हंजे झालं.